राजगीरची पहाट

गयेला जायचे ठरले तेव्हा माझ्या मनात दोन हेतू होते, आणि त्यांतला एकच मी घरी बोलून दाखवला होता. बोलून दाखवलेला हेतू आईच्या श्राद्धाचा. आईला जाऊन वर्ष उलटले होते, आणि ‘माझं गयेला एकदा कर रे’ एवढीच एक गोष्ट तिने आयुष्यात माझ्याकडे मागितली होती. न सांगितलेला हेतू असा, की गयेपासून बुद्धगया दहाबारा किलोमीटरवर आहे. तिथे त्या बोधिवृक्षाखाली बसलो तर आपल्याला एकदाचे काहीतरी होईल!

हे ‘काहीतरी’ म्हणजे काय, ते सांगायला थोडे मागे जायला हवे.

मी छत्तीस वर्षे बँकेत काढली. निवृत्त झाल्यावर माणसे बागकाम करतात, नातवंडे खेळवतात, सोसायटीच्या सभेत भांडतात. मी धर्मानंद कोसंबींचे ‘भगवान बुद्ध’ वाचले आणि ध्यानाला लागलो. दहा दिवसांचे मौनाचे शिबिर केले, घरी येऊन रोज पहाटे पाच ते सहा बसू लागलो. इथवर कोणी नाव ठेवावे असे काही नव्हते. पण बँकेतली सवय काही जात नाही. मी एक वही घातली. डावीकडे तारीख, मग वेळ, मग मिनिटे आणि उजवीकडे शेरा: ‘मन चंचल’, ‘बरे’, ‘उत्तम’. महिनाअखेर बेरीज. अशा नऊ वर्षांच्या पाच वह्या भरल्या. इतकी ठेव ठेवल्यावर मुदत कधी भरणार, व्याज कधी हाती पडणार, असे मनात येणारच! शिबिरात तर सांगत, कसली अपेक्षा धरू नका. मी ती न धरण्याचाही कसोशीने अभ्यास करी आणि रात्री वहीत लिही, ‘आज अपेक्षा कमी’.

शेवटची दोन वर्षे आई अंथरुणाला खिळली. तिला पहाटे पाचलाच जाग येई, आणि नेमकी तीच माझी बसायची वेळ. भिंतीपलीकडून हाक येई, ‘बाळ, उठलास का रे?’ मी दार लावून घेतलेले असे. उत्तर देत नसे. मग आमच्या सौभाग्यवती उठत, तिला पाणी देत, चहा करीत, पाठ चोळून देत. त्या दोन वर्षांच्या वह्यांत शेऱ्याच्या रकान्यात एक शब्द ठिकठिकाणी लिहिलेला आहे: ‘व्यत्यय’. व्यत्यय म्हणजे आई.

हे माझ्या ध्यानात आले ते मात्र गयेला.

गयेच्या विष्णुपद मंदिराशी आपले, मराठी माणसांचे, जुने नाते आहे. आजचे ते काळ्या दगडाचे देऊळ अहिल्याबाई होळकरांनी १७८७ साली बांधवले. खाली फल्गू नदी. सीतामाईच्या शापाने ती वरून कोरडी आणि आतून वाहती झाली, असे लोक सांगतात. पूर्वी वाळू उकरून ओंजळभर पाणी घ्यावे लागे. २०२२ साली रबराचे धरण झाल्यापासून देवळापाशी पाणी साठून राहते. त्या पाण्यात उभे राहून तर्पण केले, आणि मग वर मंडपात गुरुजींनी मातृषोडशीचे पिंड द्यायला सांगितले.

मातृषोडशी हा प्रकार मला ऐकूनही ठाऊक नव्हता. आईसाठी म्हणून सोळा पिंड वेगळे द्यायचे आणि प्रत्येक पिंडाबरोबर तिने आपल्यासाठी सोसलेले एकेक कष्ट आठवायचे. गर्भभाराचे कष्ट, वेणांचे कष्ट, ओल्या अंथरुणावर स्वतः निजून मूल कोरड्यात निजवण्याचे कष्ट. गुरुजी संस्कृतात म्हणत आणि हिंदीत अर्थ सांगत. रात्रीच्या जागरणांचा पिंड आला, तेव्हा माझा हात थांबला. गुरुजी म्हणाले, ‘रखिये, बाबूजी, रखिये.’ मी पिंड ठेवला. पण भिंतीपलीकडची ती हाक मला तिथे, त्या गर्दीत, स्पष्ट ऐकू आली.

हिने विचारले, ‘काय झालं?’

मी म्हटले, ‘काही नाही. धूर गेला डोळ्यांत.’

दुसऱ्या दिवशी बुद्धगया. महाबोधी मंदिराचे शिखर लांबूनच दिसते, आणि पाठीमागे बोधिवृक्ष. मूळ वृक्षाच्या वंशातला हा, असे मानतात. त्याच्याखाली वज्रासन. भोवती साऱ्या जगातून आलेले लोक. तिबेटी भिक्षू फळ्यांवर लोटांगणे घालीत होते, श्रीलंकेच्या बाया पांढऱ्या साड्या नेसून पाठ म्हणत होत्या, आणि मध्येच एखादे पान गळले की ते टिपायला चारपाच जण धावत. मी एक कोपरा धरून बसलो. दोन तास बसलो. गुडघे भरून आले, डासांनी कान फोडले, आणि मनात सारखे एकच चालले होते: आता होईल, आता होईल. रेशनच्या रांगेत पुढची माणसे मोजावीत तसा मी श्वास मोजत होतो. शेवटी उठलो. हिने पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली आणि शांतपणे विचारले, ‘भरली का मुदत?’

राग आला. पण उत्तर नव्हते.

तिसऱ्या दिवशी रिक्षा करून डुंगेश्वरीच्या टेकडीवर गेलो. बुद्धगयेपासून दहाबारा किलोमीटर, नदीपलीकडची ही उघडीबोडकी टेकडी. संबोधी मिळण्यापूर्वी सिद्धार्थाने केलेल्या उग्र तपाशी परंपरा या जागेचे नाव जोडते. थोडी चढण, वाटेवर भिकाऱ्यांच्या रांगा, आणि वर एक लहानशी गुहा. आत वाकून जावे लागते. तेलाच्या आणि मेणबत्त्यांच्या धुराने काळ्या पडलेल्या त्या अंधारात एक सोनेरी मूर्ती बसलेली आहे. बुद्धाची मूर्ती म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे भरदार खांदे आणि ते मंद स्मित येते, त्यातले इथे काही नाही. बरगड्या मोजून घ्याव्यात. डोळे खोल गेलेले, पोट पाठीला टेकलेले.

ही बराच वेळ पाहत उभी राहिली. मग हळूच म्हणाली, ‘आई शेवटीशेवटी अशाच दिसत होत्या.’

मी हात जोडले होते ते तसेच राहिले. नऊ वर्षे ज्याची वाट पाहिली ते ‘काहीतरी’ मला त्या गुहेत झाले असेल, तर ते हेच. पण वहीत लिहिण्याजोगे ते नव्हते.

टेकडी उतरताना मला त्या तपाची गोष्ट नव्याने आठवू लागली. सहा वर्षे सिद्धार्थाने देह झिजवला. श्वास कोंडला, अन्न कमी करीत करीत मूठभर कढणावर आणले. पोटाला हात लावावा तर पाठीचा कणा हाताला लागे, अशी अवस्था झाली. आणि एवढे करून हाती काही नाही. अशा वेळी त्याला आठवले ते काय? लहानपणी बापाचे शेतातले काम चालले असताना तो जांभळीच्या थंड सावलीत बसला होता, आणि न मागता, न झगडता त्याचे मन शांत झाले होते. त्याने स्वतःला विचारले, त्या सुखाला मी का भितो आहे? त्यात लोभ नाही, पाप नाही. आणि मग तो जेवला. बरोबरचे पाच तपस्वी ‘हा सुखाला लालचावला’ म्हणून त्याला सोडून गेले. नदीपलीकडे बकरौर गावात एक मोठा विटांचा स्तूप आहे. सुजातेने त्याला खीर दिली, तिची ही आठवण.

पण इथे एक गफलत होते, ती माझीही होत आली होती. त्याने खीर खाल्ली याचा अर्थ त्याने साधना सोडली असा नव्हे. त्यानंतरच तो त्या झाडाखाली बसला, आणि बसला तो उठायचे नाही अशा निर्धाराने. मग त्याने सोडले ते काय? हा प्रश्न घेऊन मी राजगीरला आलो.

गयेहून राजगीर सत्तरएक किलोमीटर. रस्ता सपाट भातखाचरांतून जातो, आणि मग एकाएकी पाच डोंगरांचे कडे समोर उभे राहते. आत मगधाची जुनी राजधानी, बिंबिसाराचे राजगृह. डोंगरांच्या माथ्यांवरून गेलेला, चुन्यावाचून नुसत्या प्रचंड शिळा रचून केलेला तट अजून जागोजागी दिसतो. वैभार डोंगराच्या पायथ्याशी ऊन पाण्याची कुंडे आहेत. थंडीत तिथे कोण गर्दी! आमच्या सौभाग्यवतींच्या गुडघ्यांना त्या पाण्याने जेवढा आराम पडला तेवढा आमच्या डॉक्टरांच्या औषधाने पडला नव्हता. जवळच्या सिलाव गावचा खाजा तर असा, की तोंडात घालताच पापुद्रे विरघळावेत. ‘हे मात्र वहीत लिहा,’ ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रज्जुमार्गाने रत्नगिरीवर गेलो. वर जपानी भिक्षू निचिदात्सू फुजी यांच्या प्रेरणेने उभा राहिलेला, १९६९ साली पुरा झालेला पांढराशुभ्र शांतिस्तूप आहे. ‘जॉनी मेरा नाम’ या १९७० सालच्या चित्रपटात देव आनंद आणि हेमामालिनी ज्या एकेकट्या खुर्च्यांतून तरंगत गेले, तो हाच रज्जुमार्ग. २०२१ पासून बंद डब्यांचीही सोय झाली आहे. आम्ही डब्यातूनच गेलो. पण खाली दरी दिसताच हिने माझा हात घट्ट धरला, तेव्हा मनात आले की देव आनंदाने तरी याहून काय मिळवले असेल?

स्तूपाकडून खाली उतरत गेले की गृध्रकूट लागते. गिधाडाच्या चोचीसारखे दिसणारे खडक, दोन नैसर्गिक गुहा, आणि वर विटांच्या एका लहान जोत्यापाशी उदबत्त्या. बुद्धाची ही आवडती जागा. खालून येणारा दगडी रस्ता बिंबिसाराने त्याच्या भेटीसाठी बांधला म्हणतात. तिथे दगडावर बसून मी हिला सोणाची गोष्ट सांगितली.

सोण हा चंपा नगरीतल्या अतिश्रीमंत घरचा मुलगा. इतका लाडात वाढलेला, की तळपायांवर लव उगवली होती! तो भिक्षू झाला आणि इथेच राजगृहाच्या सीतवनात राहून साधनेला लागला. अनवाणी येरझाऱ्या घालीत ध्यान करायचे. त्या कोवळ्या पायांना घट्टे ते कसले असणार! पाय फुटले, वाट रक्ताने भरली. एवढे करूनही मन मुक्त होईना, तेव्हा त्याला वाटू लागले, माझ्याहून अधिक कष्ट करणारा कोण आहे? मग मला का मिळत नाही? त्यापेक्षा घरी जावे, पैसा आहे, दानधर्म करावा. बुद्धाने हे ओळखले. तो सोणाकडे आला आणि त्याने विचारले, घरी असताना तू वीणा चांगली वाजवीत होतास ना? तारा फार ताणल्या तर ती वाजे का? नाही. सैल सोडल्या तर? तरीही नाही. मग साधनेचेही तसेच आहे. अति ताणली की मन अस्वस्थ होते, अति ढिली पडली की आळस येतो.

‘ही ठाऊक आहे मला,’ ही म्हणाली. ‘पण पायांचं पुढं काय झालं?’

खरेच की! वीणेची गोष्ट सगळे सांगतात, पायांचे कोणी विचारीत नाही. तेही विनयग्रंथात आहे. बुद्ध म्हणाला, तू सुकुमार आहेस, एका तळाची वहाण वापरीत जा. सोण म्हणाला, मी एकट्याने नाही वापरणार. साऱ्या संघाला परवानगी असेल तर वापरीन. तेव्हापासून भिक्षूंना वहाणा घालण्याची मुभा मिळाली.

‘बघा!’ ही म्हणाली. ‘आधी चप्पल, मग मोक्ष.’

हसलो खरा; पण मोठमोठ्या व्याख्यानांत मला न उमगलेली गोष्ट त्या वाक्यात होती. सोणाची साधना खोटी नव्हती. खोटा होता तो हिशेब: एवढे रक्त सांडले, आता एवढे मिळालेच पाहिजे.

राजगीरची शेवटची पहाट मी सप्तपर्णी गुहेसाठी राखून ठेवली होती. साडेपाचला निघालो. ‘जरासंधाच्या बैठकीपर्यंत मीही येते,’ ही म्हणाली. मला एकट्याने जायचे होते, पण नाही म्हणवेना. ऊन कुंडांपासून वैभारच्या पायऱ्या सुरू होतात. थोडे चढले की प्रचंड दगड रचून केलेले ते चौथऱ्यासारखे बांधकाम लागते. तिथे ही बसली. मी पुढे निघालो. डोंगरमाथ्यावर जैन मंदिरे आहेत, आणि ती ओलांडून उत्तरेच्या अंगाने खाली उतरले की एका कड्याच्या पोटात ओळीने गुहा दिसतात. पुढे दगडी सपाटी, खाली मगधाचे मैदान धुक्यात बुडालेले. बुद्धाच्या परिनिर्वाणानंतर पाचशे भिक्षूंची पहिली संगीती भरली ती इथे, असे मानतात.

आणि त्या संगीतीच्या आदल्या रात्रीची गोष्ट आनंदाची आहे.

आनंदाने पंचवीस वर्षे बुद्धाची सेवा केली. अंथरूण घालणे, पाणी आणणे, भेटायला आलेल्यांना आत सोडणे, आणि ऐकलेला शब्द न् शब्द लक्षात ठेवणे. या सगळ्यात तो स्वतः अर्हत मात्र झाला नव्हता. महाकाश्यपाने सभेसाठी चारशे नव्याण्णव अर्हत निवडले. पाचशेवी जागा आनंदाची; कारण त्याच्यावाचून उपदेश सांगणार कोण? पण अर्हतांच्या सभेत कच्च्या माणसाने जायचे कसे? उद्या सभा. आनंद रात्रभर झटला. अट्ठकथा सांगते, की तो येरझाऱ्या घालीत होता, आणि पहाटे त्याच्या ध्यानात आले की आपला जोर फार होतो आहे. तेव्हा जरा पडावे म्हणून तो आत गेला. अंग टाकताना पाय जमिनीवरून उचललेले होते, डोके अजून उशीला टेकले नव्हते, आणि तेवढ्यात तो मुक्त झाला. ना चालताना, ना उभा असताना, ना बसून, ना निजून.

मी त्या सपाटीवर बसलो. मनात म्हटले, आनंदाला इथेच झाले. आता आपणही जोर सोडू. आणि लगेच ध्यानात आले, की मी जोर सोडण्यावरच जोर लावतो आहे! उशी समोर दिसते, म्हणून मुद्दाम डोके टाकायला निघालो आहे. आनंद निजायला गेला तो खरोखर निजायलाच गेला होता.

आणि मग दुसरे ध्यानात आले. पंचवीस वर्षे जी सेवा त्याच्या मुक्तीच्या आड आली असे वाटते, तिच्यामुळेच तर दुसऱ्या दिवशी सभा होऊ शकली. उपालीने विनय सांगितला आणि धर्म सांगितला तो आनंदाने. ‘असे मी ऐकले आहे’ या शब्दांनी सुरू होणारी सूत्रे परंपरा त्याच्याच तोंडची मानते. दार लावून बसलेल्यांना ती आठवली नसती. जो हाकेला ओ देत राहिला, त्याला आठवली.

मी डोळे उघडले. घड्याळात पाहिले: बारा मिनिटे. खाली दगडांच्या बैठकीवर ही थंडीत एकटी बसली होती. तिच्या गुडघ्यांना गारठा सोसत नाही. मी उठलो. नऊ वर्षांत एक तास पुरा न करता उठलो असा हा पहिलाच प्रसंग.

खाली आलो तर ही एकटी नव्हतीच. लाकडे गोळा करायला आलेल्या एका म्हातारीशी मराठी-हिंदीत गप्पा चालल्या होत्या, आणि दोघी खाजा खात होत्या. ‘इतक्यात आलात? झालं का काही?’

‘काही नाही,’ मी म्हटले. आणि मग, कसे कोण जाणे, तिथेच पायरीवर बसून मी तिला त्या ‘व्यत्यय’ शब्दाचे सगळे सांगितले. म्हातारीला मराठी कळत नव्हते, पण तीही ऐकत होती.

ही थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘आईंना ठाऊक होतं तुम्ही बसलेले असता ते. मी गेले की म्हणायच्या, त्याला नको उठवू. उठलाय एवढं कळलं की पुरे.’

संगीतीच्या शेवटी भिक्षूंनी आनंदावर दोष ठेवले, ही गोष्ट मला अलीकडे वारंवार आठवते. बायकांना संघात का येऊ दिलेस, बुद्धाचे वस्त्र शिवताना त्यावर पाय का दिलास, असले पाच दोष. नुकताच मुक्त झालेला तो माणूस वाद घालीत बसला नाही. मला यात दोष दिसत नाही, पण तुमच्यावरच्या श्रद्धेने कबूल करतो, असे म्हणून मोकळा झाला. माझा दोष मला दिसतो आहे. म्हणून कबूल करायला मला मुक्त होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

पहाटे पाचला मी अजून बसतो. तार अगदीच सैल सोडावी असे कुठे कोणी सांगितलेले नाही. पण सहावी वही घातली नाही, आणि खोलीचे दार उघडे असते. साडेपाचच्या सुमाराला आतून भांड्याचा आवाज येतो आणि ही विचारते, ‘चहा टाकू का?’

मी ओ देतो. कधीकधी उठून मीच टाकतो.